आक्षीची पुळण, बिजेचे पाणी

कोकणच्या किनाऱ्यावर शरदातले पक्षी-स्थलांतर भर पावसात सुरू होते. पंचांगातला शरद आश्विन-कार्तिकात येत असला, तरी उत्तर सायबेरियाच्या टुंड्रातला उन्हाळा जुलैतच उतरणीला लागतो. तिथे वीण आटोपलेल्या पक्ष्यांची पहिली फळी ऑगस्टच्या सरी अंगावर घेत मुंबई, उरण, अलिबागच्या चिखलात उतरलेली असते. त्या दिवसांत छत्री आणि दुर्बीण एका हाताने सांभाळत किनाऱ्यावर फिरायला फारसे कुणी जात नाही, म्हणून ही आवक नोंदवह्यांत उशिरा दिसते इतकेच.

या पहिल्या फळीत सगळे प्रौढ पक्षी असतात. कर्ल्यू सँडपायपर हा खाली बाक असलेल्या चोचीचा, मैनेहून लहान पक्षी घ्यावा. त्याची वीण तैमीर द्वीपकल्प आणि आसपासच्या उत्तर सायबेरियात होते. नराचा संसार मीलनापुरता. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे मादीकडे. त्यामुळे नर जूनअखेरीस किंवा जुलैच्या आरंभी दक्षिणेची वाट धरतात, माद्या काही आठवड्यांनी त्यांच्यामागून निघतात आणि पिल्ले सर्वांत शेवटी. त्यांना वाट दाखवायला कुणी मागे थांबलेले नसते. दीड-दोन महिन्यांचे पाखरू कधी न पाहिलेल्या किनाऱ्याकडे हजारो किलोमीटर उडत येते. निघायचे केव्हा, कोणत्या दिशेला आणि साधारण किती दिवस उडायचे, हे ते जन्मतःच घेऊन आलेले असते.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ही मागून निघालेली पिल्ले पोचतात, पाऊस सरतो, आणि प्रौढांच्या अंगावरचा विणीचा रंग अजून पुरता उतरलेला नसतो. एकाच थव्यात तांबूस छातीचे, करड्या छातीचे आणि मधल्या अवस्थेतले पक्षी दिसतात. ओळख पटवायला हा काळ सर्वांत अवघड, आणि म्हणूनच सर्वांत मजेचा.

भारत ज्या मध्य आशियाई उड्डाणमार्गावर येतो तो आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत ३० देशांवरून जातो आणि पाणपक्ष्यांच्या १८२ स्थलांतरी जाती तो वापरतात. नकाशात हा मार्ग एका जाड बाणाने दाखवण्याची पद्धत आहे. तो बाण फसवा आहे. एकाच पुळणीवर शेजारी शेजारी चरणाऱ्या दोन पक्ष्यांपैकी एक लडाख-तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून आलेला असतो आणि दुसरा थेट आर्क्टिक महासागराच्या काठावरून. लहान चिखल्या, म्हणजे लेसर सँड प्लोव्हर, पहिल्या वाटेचा. वाळूत खडे उलटत फिरणारा रडी टर्नस्टोन दुसऱ्या वाटेचा. दोघांची गाठ पडते ती आक्षीसारख्या ठिकाणी.

आक्षी अलिबागच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर, रेवदंड्याच्या रस्त्यावर आहे. साखरेची खाडी ओलांडली की उजव्या हाताला नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू होतात, त्यांच्यामागे सुरूचे बन आणि बनापलीकडे पुळण. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत ज्याची गणना होते, तो शके ९३४ असा वाचला गेलेला शिलाहारकालीन लेख याच गावातला. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र गावाचे मोल त्याच्या भूगोलात आहे. उत्तरेला खाडीचे तोंड, तिथे गाळ आणि तिवरांची झाडी. दक्षिणेकडे नागावपर्यंत सपाट, घट्ट वाळू. मध्ये खाडीने आणलेल्या गाळाचा आणि समुद्राच्या वाळूचा मिलाफ. चिखल आवडणारे, वाळू आवडणारे आणि खडक आवडणारे पक्षी तास-दीड तासाच्या चालण्यात भेटावेत, अशी ही रचना आहे. मुंबईकरांना किनाऱ्यावरचे पक्षी म्हटले की ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी आठवतात. ते देखणे आहेतच. पण त्यांतले बरेचसे कच्छ-गुजरातेतून येणारे, म्हणजे तुलनेने घरचेच पाहुणे. आक्षीचे पाहुणे आकाराने चिमणीएवढे आणि प्रवासाने कित्येक पट लांबचे.

या किनाऱ्यावर पक्षी पाहायला जाताना घड्याळाआधी तिथी पाहावी लागते. जंगलातला पक्षी सूर्याच्या वेळा पाळतो, किनाऱ्यावरचा पक्षी पाण्याच्या. ओहोटीला त्याचे ताट वाढलेले असते, भरतीला ते झाकलेले असते. कोळ्यांचा जुना हिशोब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी, म्हणजे सुकती. रोज पाणी सुमारे पन्नास मिनिटे मागे पडते, आणि पाऊण तासाचा हिशोब त्याच्या अगदी जवळ जातो. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते, पाणी उंच चढते आणि तितकेच दूर ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी धड भरत नाही आणि धड सुकतही नाही. प्रस्तुत लेखकाची आक्षीची पहिली फेरी या अज्ञानापायी वाया गेली. दिवस अष्टमीचा, वेळ सकाळी सातची. नऊ वाजेपर्यंत चिखल्याऐवजी नुसते पाणी पाहून पोहे खायला परतल्यावर समजले, की ओहोटी बाराला होती.

या वेळचा दिवस म्हणून निवडून घेतलेला: कोजागरीनंतरची द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती आणि सकाळी सव्वासात-साडेसातला ओहोटी, तीही उधाणाची. सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. उजेड आणि उघडी वाळू एकाच वेळी मिळण्याचे दिवस महिन्यात मोजकेच येतात. खाडीच्या काठी पाग खांद्यावर टाकून निघालेल्या एका काकांना भरतीची वेळ विचारली, तर त्यांनी मोबाइल काढला नाही, घड्याळही पाहिले नाही. “आज बीज ना? मग दीडला भरंल,” एवढे बोलून ते पाण्यात उतरले.

पश्चिम किनाऱ्याची एक सोय अशी की सकाळी सूर्य पाठीशी असतो. समुद्राकडे पाहणाऱ्याला पक्ष्यांच्या अंगावर पडलेला सरळ प्रकाश मिळतो, पिसांच्या कडा स्पष्ट दिसतात. बिजेचा चंद्र त्या वेळी अजून पश्चिमेला, पाण्याच्या वर हातभर असतो. उत्तरेला कुलाबा किल्ल्याची काळी आकृती दिसते. पाणी इतके आत गेलेले असते की किनाऱ्याची रेघ म्हणजे पुढे कुठेतरी पांढरा दोरा.

जवळची वाळू नीट पाहिली तर ती सपाट नसते. ओहोटीने उघडी पडलेल्या पट्ट्यावर मुगाच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी उमटलेली असते. मध्ये एक बारीक भोक आणि त्याभोवती किरणांसारख्या पसरलेल्या गोळ्यांच्या रांगा. हे नखाएवढ्या खेकड्याचे काम. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातले सूक्ष्म शेवाळ आणि सेंद्रिय अंश चाटूनपुसून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतो. पावलाची चाहूल लागली की आठ-दहा फुटांच्या परिघातले सगळे खेकडे एकदम गडप. माणूस दोन मिनिटे पुतळ्यासारखा उभा राहिला तर ते परत वर येतात. आणि त्यांच्यामागून येतो लहान चिखल्या.

चिखल्याची शिकारीची रीत डोळ्यांवर चालते. तो पाच-सहा पावले भरभर धावतो, गचकन थांबतो, मान किंचित तिरकी करतो, मग एक टोच, आणि पुन्हा धाव. थांबणे महत्त्वाचे, कारण खेकड्याची किंवा किड्याची हालचाल स्थिर डोळ्यालाच टिपता येते. स्कोपमधून वीस-पंचवीस पावलांवर पाहिलेल्या एका चिखल्याच्या पाठीवरचे प्रत्येक पीस तपकिरी होते आणि त्याला फिकट बदामी कड होती, माशाच्या खवल्यासारखी. म्हणजे ते यंदाचे पिल्लू. कडा अजून झिजलेल्या नव्हत्या. त्याच्या शेजारच्या पक्ष्याच्या छातीवर विटकरी पट्ट्याचे डाग उरले होते आणि पंखाची एक-दोन पिसे गळालेली होती. हा प्रौढ. मोठी पिसे बदलण्याचे काम हे पक्षी हिवाळी मुक्कामी पोचल्यावर सावकाश उरकतात, कारण प्रवासात पंखाला भोके परवडत नाहीत. दोघेही बहुधा एकाच पठारावरून आलेले, पण बरोबर आलेले असतील असे नाही.

लेसर सँड प्लोव्हर ही एकच जात अलीकडे पक्षितज्ज्ञांनी सायबेरियन आणि तिबेटी अशी दोन मानायला सुरुवात केली आहे. कोकणात येणारे तिबेटी. पक्षिनिरीक्षकांच्या याद्यांमध्ये यामुळे रातोरात खाडाखोड झाली. पक्ष्यांच्या दिनक्रमात काही फरक पडलेला नाही. नावांचा घोळ मराठीतही आहे, तो वेगळ्या प्रकारचा. ‘तुतारी’ किंवा ‘टिलवा’ या एका शब्दात डझनभर जाती सामावतात, म्हणून किनाऱ्यावर भेटणारे मराठी पक्षिनिरीक्षकसुद्धा आपसांत ‘टेरेक’, ‘डनलिन’, ‘स्टिंट’ असेच बोलतात, आणि या सगळ्या पायाळ पक्ष्यांना मिळून ‘वेडर’ म्हणतात. मराठी नावे रूढ व्हावीत ही इच्छा रास्त आहे, पण ज्यांना ती लागतील त्यांना अजून पक्ष्यांतला फरकच दिसत नसेल, तर नावे पुस्तकातच राहतात.

चिखल्याने डोळ्याने शोधायचे ते स्टिंट, डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर चोचीने चाचपून शोधतात. त्यांच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श टिपणाऱ्या चेतांची दाटी असते. चोच बंद ठेवून फक्त तिचे टोक उघडण्याची हातोटीही त्यांच्यात आहे, त्यामुळे चिखलात आत खुपसलेली चोच न उचलता अळी पकडता येते. चरणारा थवा दुरून शिवणयंत्रासारखा दिसतो: डोकी खाली, चोची वर-खाली, वर-खाली. लिटल स्टिंटचे वजन जेमतेम पाच-सहा चमचे साखरेइतके, चोच दोन सेंटिमीटरपेक्षा कमी. तो वरचा पापुद्रा चाळतो. डनलिनची चोच लांब, तो त्याखालच्या थरात. पाणटिवळा, म्हणजे गॉडविट, अजून खोल. युरेशियन कर्ल्यूच्या मादीची चोच पंधरा सेंटिमीटरच्या आसपास असते. ती बिळाच्या तळाशी बसलेला खेकडा किंवा किडा ओढून काढते. चोचींच्या लांब्या एका रेषेत मांडल्या तर वाळूच्या एका वितीचे उभे मजले तयार होतात आणि प्रत्येक मजल्याला भाडेकरू वेगळा.

सँडरलिंग या हिशोबाबाहेरचा. तो पाण्याच्या रेषेवरच राहतो. लाट परतली की तिच्यामागे धावतो, तिने उघडे केलेले टिपतो आणि पुढची लाट आली की तिच्यापुढे पळतो. इतर सँडपायपरांना मागे एक छोटे बोट असते. सँडरलिंगला ते नाही, आणि घट्ट वाळूवरच्या धावण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. टेरेक सँडपायपरची धावही पाहण्यासारखी. त्याची चोच वर वळलेली, पाय आखूड पिवळे-नारिंगी. तो मान पुढे काढून खेकड्यामागे असा सुटतो की घाईत बस पकडायला निघालेला माणूस आठवावा. त्याचे नाव कॅस्पियन समुद्राला मिळणाऱ्या तेरेक नदीवरून पडले.

वाळूच्या टोकाला, खाडीचे पाणी समुद्राला मिळते तिथे, काळ्या-पांढऱ्या अंगाचे आणि गाजरासारख्या चोचीचे काही ऑयस्टर कॅचर उभे असतात. आक्षीला पक्षिनिरीक्षक ज्यांच्यासाठी मुद्दाम येतात त्यांत हा पक्षी वरच्या क्रमांकावर आहे. शिंपले उघडायच्या त्याच्या दोन पद्धती आहेत. किंचित उघड्या शिंपल्याच्या फटीत चोच घालून स्नायू कापणे ही एक, आणि कवचावर ठोके मारून ते फोडणे ही दुसरी. पहिल्या पद्धतीत चोचीचे टोक अणकुचीदार राहते, दुसरीत ते बोथट होते, म्हणजे जेवायची सवय चोचीवरच लिहिली जाते. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर गावातल्या बायका कोयती घेऊन कालवे काढत होत्या. बायकांची आणि पक्ष्यांची एकमेकांना काही अडचण दिसली नाही. पक्षी चार पावले सरकले इतकेच.

नऊनंतर चढते पाणी जाणवू लागते. सपाट पुळणीवर भरती चालत येत नाही, पसरत येते. आधी वाळूतल्या घळी भरतात, मग घळींमधली बेटे लहान होतात, आणि मैलभर विखुरलेले पक्षी तासाभरात एका पट्ट्यात दाटतात. मोजणीची हीच खरी वेळ. जो माणूस ओहोटीला पक्ष्यांमागे धावत नाही आणि योग्य जागी बसून राहतो, त्याच्यापुढे भरती पक्षी आणून ठेवते. एक खुर्ची, एक तिवई, विसापासून साठपट मोठे दाखवणारा स्कोप आणि पाण्याची बाटली एवढ्यावर भागते. ऊन मात्र ऑक्टोबरचे असते. अकरानंतर वाळूवरून उठणाऱ्या वाफेत शंभर पावलांपलीकडचे पाय वितळल्यासारखे दिसू लागतात आणि लाल पाय की हिरवे पाय हा वाद निकालात निघत नाही.

दाटलेल्या थव्यात पाय पाहण्याचे आणखी एक कारण असते. एखाद्या पायात धातूचे कडे किंवा गुडघ्यावर रंगीत प्लॅस्टिकची पट्टी असू शकते. पट्टीच्या रंगांवरून देश आणि तिच्यावरच्या अक्षर-अंकांवरून तो एकच पक्षी ओळखता येतो. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेने, १९२७ मध्ये पक्ष्यांना कडी घालायला सुरुवात केली. डॉ. सालिम अली यांच्या देखरेखीखाली १९५९पासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर झाले. पक्ष्यांबरोबर रोगांचे जंतू आणि गोचिड्या प्रवास करतात का, हा त्यामागचा प्रश्न होता; स्थलांतराचे ज्ञान हे जोडफळ. सालिम अलींचे या तालुक्याशी नाते त्याहून जुने. १९३० मध्ये अलिबागच्या उत्तरेला किहीम इथे राहत असताना त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला, आणि त्यांचे नाव पक्षिशास्त्रात रुजले ते तिथून.

आता उपग्रहाशी बोलणारी यंत्रे पक्ष्याच्या पाठीवर बसवता येतात आणि त्यांनी जुने अंदाज मोडीत काढले आहेत. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याच्या एका पिल्लाने २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, वाटेत कुठेही न उतरता कापले. निघण्यापूर्वी हे पक्षी चरबीने जवळजवळ दुप्पट होतात आणि आतड्यांसारखे वाटेत न लागणारे अवयव आखडून घेतात. आक्षीला दिसतो तो पाणटिवळा त्याच जातीचा, पण उत्तर सायबेरियाकडचा. त्याच्या वाटेवर उतरायला जागा आहेत. तरीही तो चिखलात चोच खुपसून उभा असतो तेव्हा त्याच्याकडे पाहण्याची नजर त्या आकड्याने बदलतेच.

बाराच्या पुढे चरायला वाळू उरत नाही. पक्षी उंचवट्यावर, खाडीच्या तोंडाशी उरलेल्या वाळूच्या जिभेवर गोळा होतात आणि विश्रांतीला लागतात. पक्षिनिरीक्षक याला ‘रोस्ट’ म्हणतात. सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे, म्हणजे पिसे विस्कटत नाहीत. बहुतेक एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत. एक डोळा मधूनमधून उघडतो. चिखल्ये पुढच्या बाजूला वाळूत खुरांच्या किंवा चाकांच्या खड्ड्यांत बसतात, त्यामुळे वारा लागत नाही. कर्ल्यू आणि पाणटिवळे मागे, घोटाभर पाण्यात. दोन-अडीच तासांची ही झोप त्यांच्या दिवसाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे जितके चरणे.

आणि नेमकी हीच वेळ माणसांच्या वर्दळीची असते. दिवाळीपूर्वीच्या शनिवार-रविवारी नागावकडून चारचाकी बग्ग्या, घोडागाड्या आणि मोटारी पुळणीवरून धावतात. त्या दिवशी वाळूवर आणलेली एक मोटार फोटोसाठी थेट थव्यात घातली गेली. हजारभर पंख एका क्षणात पांढरे-करडे होत उडाले, समुद्रावर गिरकी घेऊन परत उतरू लागले, आणि मोटार वळून पुन्हा त्यांच्यात शिरली. फोटो छान आला असणार. मोकाट कुत्र्यांनी हेच काम अर्ध्या तासाने केले. एकदा उडण्याने पक्षी मरत नाही. पण भरतीच्या अडीच तासांत सात-आठ वेळा उडावे लागले, तर सकाळी खाल्लेल्यातला मोठा वाटा उडण्यातच जातो, आणि आत्ताच हजारो किलोमीटर उडून आलेल्याकडे शिल्लक फारशी नसते. किनाऱ्यावर वाहने आणायला मनाईचे फलक असतात. ते गंजलेले आहेत.

भरतीचा मधला वेळ सुरूच्या बनात किंवा अलिबागेत काढता येतो. बनात दुसरेच स्थलांतर चालू असते. राखी कोतवाल शेंड्यावर बसून उडते किडे उचलत असतो, हळद्या पिवळा झोत होऊन एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो, खालच्या झुडपांत माशीमार आणि वटवटे. यांतले बरेच हिमालयाच्या पायथ्याकडून किंवा त्याच्याही पलीकडून आलेले. सुरूच्या पानांखाली त्यांना फार काही मिळत नाही. बन त्यांना थांबा म्हणून चालते, मुक्कामाला ते वाड्यांत शिरतात.

अलिबागेत किनाऱ्याजवळ भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापे बिघडू लागणार होती, म्हणून १९०४ मध्ये हे काम इथे, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत हलवले गेले. त्यावेळचे संचालक नानाभाई मूस हे त्या पदावरचे पहिले भारतीय. तेव्हापासून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र इथे अखंड मोजले जाते. आता भारतीय भूचुंबकत्व संस्था ते काम पाहते. त्या भिंतींवरून जे पक्षी रात्री उडत जातात त्यांच्यापैकी अनेकांकडे त्याच क्षेत्राचे मापक असते. जर्मनीत वोल्फगांग विल्चको यांनी १९६०च्या दशकात रॉबिन पक्षी बंद खोलीत, आकाश न दिसता, चुंबकीय क्षेत्रावरून दिशा धरतात हे दाखवले. हे होकायंत्र उत्तर-दक्षिण ओळखत नाही. क्षेत्ररेषा जमिनीशी करत असलेला कोन पाहून ध्रुवाकडची आणि विषुववृत्ताकडची बाजू ओळखते. डोळ्याच्या पडद्यातले क्रिप्टोक्रोम नावाचे प्रथिन त्यामागे असावे, असा सध्याचा सर्वांत भक्कम कयास. सूर्य, तारे आणि मावळतीनंतरचा प्रकाश ही बाकीची साधने. ट्रामच्या तारांनी वेधशाळेला पळवले. शहरांतल्या विजेच्या उपकरणांच्या गोंगाटानेही रॉबिनची दिशा चुकते, असे पुढे प्रयोगांत आढळले.

तीननंतर पाणी पुन्हा मागे सरताना दिसू लागते. आता सूर्य समोर येतो, आणि समुद्राकडे पाहणाऱ्याला पक्षी म्हणजे चकाकीतले काळे ठिपके. म्हणून दुपारची बैठक खाडीच्या दक्षिण काठी, तोंड उत्तर-पूर्वेकडे करून. इथे कुरव आणि सुरय यांची पाळी. सुरय बारीक अंगाचे, दुभंगलेल्या शेपटीचे. हवेत जागच्या जागी पंख हलवून ते पाण्यात सूर मारतात. त्यांत कॅस्पियन सुरय लगेच वेगळा पडतो: कुरवाएवढा आकार आणि लालभडक जाड चोच. लेसर क्रेस्टेड सुरयाची चोच नारिंगी, सँडविच सुरयाची काळी आणि टोकाला पिवळा ठिपका, जणू हळदीत बुडवून काढलेली. कुरव ऑक्टोबरात अजून थोडे असतात. त्यांचे मोठे थवे नोव्हेंबर ते मार्चचे. आलेल्यांत लडाखच्या सरोवरांवर वीण करणारे तपकिरी डोक्याचे कुरव होते, हिवाळ्यात ते डोके पांढरे होऊन कानामागे एक शाईचा डाग उरतो.

साडेचारच्या सुमारास सगळा थवा कारण नसताना उठल्यासारखा उठला. कारण वर होते. कैकर, म्हणजे मासेमार शिकारी ऑस्प्रे, खाडीवरून आला, क्षणभर थबकला आणि पाय पुढे करून पाण्यात कोसळला. वर आला तेव्हा पंजांत बोय होती. उडता उडता त्याने मासा फिरवून घेतला, तोंड पुढे आणि शेपूट मागे, म्हणजे वारा कमी लागतो. त्याचे बाहेरचे बोट मागे वळते, दोन बोटे पुढे आणि दोन मागे अशी पकड बसते, आणि तळव्यावरचे काटे निसरडा मासा सुटू देत नाहीत. वेडरांना त्याच्यापासून काही भय नाही. तरी दरवेळी ते उठतात. चूक परवडेल ती उठण्याचीच.

सूर्य सव्वासहाला बुडतो, पूर्ण ओहोटी त्यानंतर तासाभराने. पुळणीवरून माणसे उठतात, पक्षी उठत नाहीत. पाण्याचे वेळापत्रक अंधाराला थांबत नसल्याने त्यांना रात्रीही चरावे लागते. चोचीने चाचपणाऱ्यांना यात अडचण नसते. चिखल्यांचे डोळे आकाराने मोठे आणि मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींनी भरलेले असतात, त्यांचेही भागते. सव्वासात-साडेसातच्या सुमारास बिजेचा चंद्र मागच्या टेकड्यांवर येतो आणि ओल्या वाळूवर हालचाल दिसू लागते, जात कळत नाही. तेव्हा कान वापरावे लागतात. टिलव्याची तीन सुरांची, उतरत जाणारी शीळ. ओल्या वाळूच्या कडेने सँडरलिंगचे बारीक ‘ट्विक’. आणि बऱ्याच उशिराने, समुद्रावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या कुणा न दिसणाऱ्या व्हिम्ब्रेलची एकाच पट्टीतली शीळ. तिला सात सूर असतात असे म्हणतात. त्या रात्री दोनदा मोजले, दोन्ही वेळा सातच भरले.